एक भोक सोडून

घरात उंदीर शिरलाय हे कळायला तो दिसावा लागत नाही. पिठाच्या डब्यामागे तांदळाएवढ्या काळ्या लेंड्या, भिंतीच्या कडेने तेलकट पट्टा, कुरतडलेली साबणाची वडी. मेक्नेस शहरातल्या मुलींच्या शाळेत मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं. पुराव्याशिवाय मी उंदरालाही उंदीर म्हणत नाही.

पुरावा मिळाला तेव्हा माझ्या इद्दतीचे चार महिने होत आले होते. विधवेने चार महिने दहा दिवस पांढऱ्या कपड्यांत घरात राहायचं. मी दिवस मोजत होते. ते सरले की अगादीरला, लेकीकडे, कायमचं. नवरा, अब्देलहक, असताना गिझलानचं घर मी एकदाही पाहिलं नाही. ‘तू गेलीस की घर खायला उठतं, रकिया,’ म्हणायचा आणि दाराची किल्ली खिशात टाकायचा.

तो गिलाव्याचा कारागीर. उंदरांसाठी त्याची एक रीत होती. आधी पीठ भुरभुरून उंदराच्या वाटा बघायच्या. मग सगळी भोकं बुजवायची, एक सोडून. त्या एकापाशी त्याच्या आवडीचं ठेवायचं. ‘घाई करायची नाही. भूक आपलं काम करते.’

मी तसंच केलं. जिन्याखालच्या त्याच्या खोलीतून गिलाव्याची पूड आणली, भोकांत तारेची घासणी कोंबून वर लिंपलं आणि खोलीला पुन्हा कुलूप घातलं. तिसऱ्या दिवशी पिंजऱ्यात बोटभर उंदीर सापडला.

रोज भाकरी घेऊन येणारी शेजारीण, लल्ला झोर, हसून हसून खाली बसली. “एवढी शिकलेली बाई, आणि डोंगर पोखरून हा काढलास?”

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर पीठ होतं. बारीक चाळलेलं, एकसारखं. माझंच सांडलं असेल म्हणून झाडून टाकलं.

पुढच्या सकाळी ते स्वयंपाकघरापर्यंत होतं. मग जिन्यावर, मग नमाजाच्या चटईभोवती. मी जिथे चालते तिथेच. त्यात पावलं फक्त माझी.

मग खिडक्या. स्वयंपाकघरातली उघडेना. चौकटीच्या फटीत तारेची घासणी, वर गिलावा, आणि शेवटी अंगठ्याने दिलेलं एक लहान वळण. ते वळण मी बत्तीस वर्षं या घराच्या प्रत्येक भिंतीवर पाहिलंय. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

“अगं, तूच लिंपलं असशील,” लल्ला झोर म्हणाली. या वेळी ती हसली नाही. भाकरी माझ्या हातात देऊन उंबऱ्यावरूनच परत गेली.

गच्चीचं दारही तसंच लिंपलं गेलं. मी त्यावर सुरी घासली, नखं मोडली. पण इद्दतीचे दोनच दिवस उरले होते आणि रस्त्याचं दार उघडत होतं. त्याच दारातून जायचं होतं.

शेवटच्या सकाळी गिझलान आली.

“आई, कडी काढ ना!”

“काढलीय. तू ढकल.”

“ढकलतेच आहे! आतून काय लावलंयस?”

मी वाकून पाहिलं. किल्लीच्या भोकात तार होती. चौकटीभोवती गिलावा अजून ओला होता.

“सुताराला आणते, आई. घाबरू नकोस हं.”

सुतार दुपारी आला. घाव मला ऐकू येत होते, पण दुसऱ्याच कुठल्यातरी भिंतीवर पडल्यासारखे. मी किंचाळले. बाहेरून गिझलान विचारत होती, “लल्ला झोर, दार इथेच होतं ना?”

मग आवाज थांबले. फोन लागत नाही.

त्याला दोन दिवस झाले. भाकरी परवाच संपली. पीठ मी रोज झाडून फेकत होते, त्यामुळे डबाही रिकामा.

आज सकाळी जिन्याखालच्या खोलीचं दार चार बोटं उघडं दिसलं. किल्ली माझ्या कमरेला आहे. उंबऱ्यावर ताटलीत मसमन आहे, घडीच्या पोळीसारखं, लोण्यात भाजलेलं, वर मध. लग्नानंतर पहिल्या सकाळी मी त्याच्याकडे मागितलं होतं, तसंच.

ते काय आहे हे मला कळतं. रीत मला पाठ आहे. मी समोरच्या भिंतीला टेकून बसले आहे आणि जाणार नाही.

संध्याकाळ झाली. मसमन अजून गार झालेलं नाही.