दोरीला उत्तर

तो दिवा बारीक कर रे जरा, डोळ्यांवर येतोय. आणि ती बाटली इकडे सरकव. यॉटवरची नोकरी म्हणजे नुसती चैन, असं मघाशी कोण म्हणत होतं? तूच ना? मग ऐक. ही गोष्ट मिकेसची. माझ्या शेजारचा मिकेस, जो हल्ली धक्क्यावर आला तरी पाण्याकडे पाठ करून बसतो. त्याने ती एकदाच सांगितली, मला. मी पदरचं काही घालत नाही.

दोन वर्षांमागची गोष्ट, सप्टेंबरची तेरा तारीख. दुसऱ्या दिवशी क्रॉसचा सण, म्हणजे आपल्या बेटावर हिवाळ्यासाठी नावा बांधून टाकायचा दिवस. मिकेस तेव्हा अथेन्सच्या एका मालकाची वीस मीटरची मोटरयॉट चालवायचा. उन्हाळाभर मालकाचे पाहुणे घेऊन बेटाबेटांनी हिंडायचं, निवांत खाडी बघून नांगर टाकायचा, त्यांनी पाण्यात डुंबायचं आणि याने ग्लास विसळायचे. शेवटचे पाहुणे अमॉर्गोसला उतरले. आता रिकामी यॉट हिवाळ्यासाठी लेरॉस बेटावरच्या यार्डात नेऊन सोडायची, एवढंच काम उरलं होतं. सोबतीला एकटा जावई, तोलिस.

तोलिस लारिसाकडचा, कापसाच्या शेतातला गडी. मनाने लाख माणूस, पण त्याचं आणि पाण्याचं वाकडं. पोहायला येत नाही, बोटीवर चालताना असा पाय टाकायचा की जणू खाली चिखल आहे. मिकेसच्या लेकीशी, सेवास्तीशी लग्न करून बेटावर आला, कामधंदा मिळेना, म्हणून सासऱ्याने बोटीवर घेतला. सेवास्तीला तेव्हा सातवा महिना. निघताना तिचा फोन आला.

"बाबा, सणाला दोघंही घरी या. आणि त्याला पाण्यात उतरवू नका हं. काही अडलं, काही पडलं, तरी नाही. शब्द द्या."

"अगं, तुझ्या नवऱ्याला मी आंघोळसुद्धा करू देत नाही."

"थट्टा नको. शब्द द्या."

"दिला," मिकेस म्हणाला. आणि त्याने तो मनापासून दिला होता, हे लक्षात ठेवा. त्याला सगळ्या जगात ती एकच मुलगी.

दुपारपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग उत्तरेचा वारा चढला, लाटा बाजूने अंगावर यायला लागल्या आणि उजवं इंजिन तापायला लागलं. अंधाराच्या आत लेरॉस गाठणं काही जमण्यातलं नव्हतं. वाटेत एक बोडकं बेट लागतं. नाव सांगणार नाही. सांगितलं तर तुमच्यातला एखादा दीडशहाणा मुद्दाम जाऊन येईल. त्या बेटाला दक्षिणेकडे तोंड असलेली एक छोटी खाडी आहे. उत्तरेचा वारा असला तर आत तळ्यासारखं पाणी, खोली जेमतेम सहा मीटर. मिकेसला ती खाडी ठाऊक होती. आपल्या जुन्या माणसांना सगळ्यांनाच होती. पण तिथे कोणी रात्र काढत नसे.

त्या रात्री मिकेसने काढली, कारण दुसरा आसरा नव्हता.

पुढून नांगर टाकला, मागची दोरी काठावर बांधायची होती. तोलिस रबरी होडीतून गेला, खडकाला दोरी बांधली आणि परत आला. अंगाला पाण्याचा थेंब नाही. मिकेसने स्वतः दोरी ओढून बघितली. घट्ट होती.

"गाठ चांगली मारलीस की रे, जावईबापू. मला वाटलं, म्हैस बांधून येशील."

"म्हशीचीच गाठ आहे, बाबा. आमच्याकडची म्हैस तुमच्या या बोटीपेक्षा जास्त ओढते."

दोघं हसले. मग तोलिस म्हणाला, "वर काठावर दगडांचे ढिगारे आहेत. लांबट. ओळीने. कसले आहेत ते?"

"धनगरांचे असतील," मिकेस म्हणाला.

त्या बेटावर शेळी काय, गवताचं पातं नाही. पण पोराला कशाला घाबरवा? ते ढिगारे आपल्याच माणसांचे. स्पंज काढणारे पाणबुडे. मिकेसच्या आजाच्या काळात स्पंजवाल्या नावा महिनोन्महिने बाहेर असत. खोलातून माणूस भरकन वर आला की रक्तात बुडबुडे होतात आणि कमरेखालचं सगळं लुळं पडतं. तुमच्या लहानपणी काठ्या टेकत चालणारे म्हातारे धक्क्यावर बसायचे ना, ते सगळे नशीबवान. बाकीचे मरायचे, त्यांना घरी नेईपर्यंत कोण थांबणार? वाटेत जे बेट लागेल तिथे दगडाखाली ठेवायचे आणि नाव पुढे कामाला.

मिकेसचा बाप दोरीवाला होता. म्हणजे खाली पाणबुडा, त्याच्या कमरेला दोरी, आणि दोरीचं वरचं टोक याच्या हातात. बोलणं सगळं त्या दोरीतून. खालून एक हिसका आला, म्हणजे "वर आहेस ना?" वरून एक हिसका दिला, म्हणजे "आहे, धरलंय तुला." तीन हिसके, म्हणजे "वर घे." मिकेस लहान असताना बाप खाटेच्या पायाला दोरी बांधून त्याला हे शिकवायचा. रात्री झोपेत हिसका द्यायचा. उत्तर आलं नाही की कानाखाली. "खालच्या माणसाला उत्तर दिलं नाहीस तर तू माणूस नाहीस," म्हणायचा. आणि वर घेताना सावकाश घ्यायचं. थोडं घ्यायचं, थांबायचं, एक सिगारेट ओढायची. पुन्हा थोडं, पुन्हा सिगारेट. म्हातारा सिगारेटींनीच गेला शेवटी.

असो. रात्री तोलिसने घेवड्याचं कालवण केलं, दोघांनी पाव, ऑलिव्ह आणि घोटभर त्सिपुरो घेतली. तोलिस केबिनमध्ये जाऊन झोपला. मिकेस मागच्या डेकवर बसला. वारा साफ पडला होता. पाण्यावर एक रेघ नाही. आपली सवय असते ना, नांगर धरतोय की नाही ते कळावं म्हणून दोरीवर हात ठेवायची. तसा त्याचा हात मागच्या दोरीवर होता. पेंग येत होती.

पावणेदोनला दोरीला हिसका बसला.

एकच.

लाट असेल, त्याला वाटलं. पण लाट नव्हती.

थोड्या वेळाने पुन्हा. एक. मोजूनमापून दिलेला. माणसाने द्यावा तसा.

आणि पोरांनो, मिकेसचं डोकं जागं व्हायच्या आत त्याच्या हाताने उत्तर दिलं. एक हिसका.

आहे. धरलंय तुला.

दिल्यावर तो उठून उभा राहिला. त्याने बॅटरी काठावर मारली. खडकाला दोरी नव्हती. मग त्याने बॅटरी खाली आणली. दोरी काठाकडे जातच नव्हती. बोटीच्या मागून सरळ... खाली पाण्यात. ताठ.

पहिला विचार आला तोलिसचा. मूर्ख पोरगा झोपेत लघवीला उठला, पडला... तो धावत केबिनमध्ये गेला. तोलिस पालथा झोपला होता. घोरत होता. मिकेसने त्याच्या केसांना हात लावून बघितला. कोरडे.

त्याने सुटकेचा श्वास सोडला आणि चक्क देवाचे आभार मानले. बिचारा. त्याला वाटलं, आपलं माणूस तर वर आहे. मग खाली कोणी का असेना.

परत मागे आला. दोरी हातात घेतली.

एक. दोन. तीन.

वर घे.

आणि तेवढ्यात त्याच्या डाव्या गालाला वारा लागला. गरम, दमट. दक्षिणेचा. त्या खाडीचं तोंडच दक्षिणेला. पहिली लाट आत आली आणि बोटीची मागची बाजू खडकांकडे सरकली. तुम्हाला सांगायला नको. अशा वेळी एकच करायचं, मागची दोरी सोडायची, नांगर उचलायचा आणि बाहेर पडायचं.

चाकू त्याच्या पट्ट्यालाच होता. काढलासुद्धा. पण उत्तर दिलं होतं ना! धरलंय तुला, असं सांगून मग दोरी कापायची? बापाचा मुलगा होता तो. नाही कापता आली.

तीन हिसके. पुन्हा तीन. घाईघाईने.

मग मिकेस ओढायला लागला. वजन होतं. माणसाचं वजन. ज्याने ते एकदा ओढलंय त्याला दुसरं काही वाटत नाही. एक वाव, दोन वाव दोरी वर आली. आता थांबायला हवं होतं. बापाचा आवाज कानात आला म्हणे, "थांब, सिगारेट पेटव." पण खडक जवळ येत होते. लाट बोटीवर फुटत होती. आत लेकीचा नवरा झोपला होता, त्याला घरी न्यायचा होता. तो थांबला नाही. एकामागून एक हात टाकत ओढत राहिला. सहा मीटर पाणी... आणि दोरी येतच होती. येतच होती. डेकवर ढीग झाला. तळहात सोलले. भरभर, भरभर, जीव खाऊन...

एकदम हलकी झाली.

टोक वर आलं. रिकामं. गाठ नाही, काही नाही.

मिकेस हसला. खरंच हसला, एकटाच, मोठ्यांदा.

मग आतून हाक आली.

"बाबा..."

तोलिस बिछान्यातच होता. चेहरा पांढराफटक. चादर कोरडी. दोन्ही हातांनी मांड्या दाबत होता.

"बाबा, माझे पाय..."

"काय झालं?"

"पाय लागत नाहीत मला." आणि मग, लहान मुलासारखं, "इतक्या भरकन का ओढलंत?"

...

मिकेसने यॉट बाहेर कशी काढली ते त्यालाही आठवत नाही. तापलेलं इंजिन तसंच रेटलं. सकाळी लेरॉसला चर्चच्या घंटा वाजत होत्या, लोक सणाला चर्चमध्ये वाटलेल्या तुळशीच्या काड्या घेऊन घरी चालले होते, आणि तोलिसला स्ट्रेचरवरून दवाखान्यात नेत होते. सेवास्ती पहिल्या बोटीने पोटाचा भार सांभाळत आली.

डॉक्टरीणबाईंनी तपासायला फार वेळ लावला नाही. पायाच्या तळव्यात सुई टोचली, तोलिसला कळलं नाही. त्या बाहेर आल्या.

"किती खोल गेला होता?" त्यांनी विचारलं.

"कोण?" मिकेस म्हणाला.

"काका, लपवू नका. मला आकडा हवाय. चाळीस मीटर? पन्नास? किती वेळ होता तळाला? आणि वर घेताना थांबलात की नाही?"

"तो झोपला होता. बिछान्यात झोपला होता हो."

बाईंनी नुसतं कागदावर लिहून घेतलं. अशी उत्तरं त्यांनी पुष्कळ ऐकली असणार.

सेवास्ती भिंतीला टेकून उभी होती. ती रडली नाही, ओरडली नाही. फक्त म्हणाली, "तुम्ही शब्द दिला होता, बाबा."

"मी त्याला पाण्यात..."

"काय पडलं होतं तळाला? मालकाचा चष्मा? पाहुण्यांची अंगठी? कशासाठी उतरवलंत त्याला?"

शपथ घ्यायला मिकेसने हात वर केले. तळहात दोरीने सोललेले. तिने ते बघितले आणि तोंड फिरवलं. त्या दिवसापासून ती बापाशी बोललेली नाही. नातू झाला, त्याच्या बारशाला मिकेस चर्चबाहेरच्या कट्ट्यावर बसून होता. आणि तोलिस... तुम्ही बघताच. चाकाच्या खुर्चीत बसून जाळी शिवतो. त्या रात्रीचं त्याला काहीच आठवत नाही म्हणतो. सासऱ्यावर राग नाही म्हणतो. मिकेसला तेच सोसत नाही.

हां, एक राहिलं.

त्या दुपारी बाईंनी मिकेसला पुन्हा आत बोलावलं, एकट्याला. तोलिसला कुशीवर केलं होतं, सदरा वर घेतला होता. कमरेभोवती, पुढून मागून, बोटभर रुंद वळ होता. ओला, लाल, ताजा. बाईंनी चिमट्याने त्या जखमेतून काहीतरी ओढून काढलं आणि स्टीलच्या थाळीत ठेवलं.

"यॉटवर दोऱ्या नायलॉनच्या असतात ना, काका?"

"हो."

"मग हे काय आहे?"

मिकेस वाकला. तागाचा धागा होता तो. काळा, डांबर लावलेला, जाडा. असा दोर बापाच्या लहानपणीच बंद झालेला. धागा अजून ओला होता, आणि थाळीत त्याच्याभोवती थोडं पाणी जमा झालं होतं.