निळ्या दोऱ्याची गाठ

खोटं सांगायचं असतं तर मी अमावस्येची रात्र घातली असती. पण हे घडलं भर दुपारी, पावणेचार वाजता. गेल्या उन्हाळ्यात. माझ्या दाजींच्या बाबतीत.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते चिलर दुरुस्त करतात. समुद्रातले मासे घरी पाळणाऱ्यांकडे टाकीचं खारं पाणी थंड ठेवणारं यंत्र असतं, तो चिलर. या माशांना पाणी सव्वीस अंशांवर लागतं. तीसच्या वर गेलं की खेळ खलास.

हाताला यश, पण राग नाकाच्या शेंड्यावर. "माझं काम दुसऱ्यांदा उघडावं लागत नाही," हे त्यांचं लाडकं वाक्य. आम्ही ते लग्नातही ऐकलंय आणि तेराव्यालाही.

तर एका काकूंचं घर. तिसरा मजला, पश्चिमेची खिडकी, बैठकीत पाच फुटी टाकी. काका दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या माशांपैकी एकच उरला होता, नारिंगी, सोळा वर्षांचा. तो ज्यात राहतो ते समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा समुद्री जीव, तेही काकांनीच वाढवलेलं. काकू एकट्या. रोज चारच्या ठोक्याला त्या पाण्यात हात घालून फुलाला कोळंबीचा तुकडा भरवायच्या. काका भरवायचे, अगदी तसंच.

एका संध्याकाळी दाजी नेहमीची सर्व्हिसिंग करून आले.

दुसऱ्याच दिवशी काकूंचा फोन. पावणेचारला चिलर बंद पडला... पाणी एकोणतीस.

दाजी गेले. यंत्रावर लाल दिवा. आत पाणी पोचलं नाही की चिलर आपणहून बंद पडतो, तसा तो पडला होता. दाजींनी स्विच बंद करून नळी काढली. तोंडाशी फिल्टरचा कापूस बसलेला. काढला, फेकला, चालू केलं, घरी आले.

तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन. पुन्हा पावणेचारला बंद. पुन्हा कापूस.

या वेळी दाजींनी तो नीट पाहिला.

कापूस वाहत येऊन अडकला नव्हता... त्याची घट्ट गुंडाळी केली होती. वर निळा दोरा. दुहेरी गाठ.

दाजींनी डोक्यावर बर्फ ठेवून विचारलं, काकू, तुम्ही नळीला हात लावता का? काकूंनी गुंडाळी हातात घेतली. गाठीवरून बोट फिरवलं.

"ही ह्यांची गाठ आहे," त्या म्हणाल्या. "कापूस ते असाच बांधायचे."

निळ्या दोऱ्याचं रीळ टाकीखालच्या कपाटात होतं. काका गेल्यापासून कुणी काढलं नव्हतं, म्हणे. दाजींचा कशाला विश्वास बसतोय! त्यांनी मनाशी ठरवून टाकलं, काकू स्वतःच करतात आणि विसरतात. काकूंची पाठ वळल्यावर त्यांनी रीळ गुपचूप आपल्या पिशवीत टाकलं. घरी येऊन ताईपुढे सगळी भडास काढली. एका माशापायी नाकी नऊ आले होते त्यांच्या.

चौथ्या दिवशी फोन आला.

पाणी तीस. काकू बर्फाच्या बाटल्या टाकीत सोडत होत्या. मासा तळाशी कुशीवर पडून नुसता कल्ले हलवत होता. "हा गेला तर घरात ह्यांचं असं काही राहणार नाही हो," असं त्या म्हणाल्या तेव्हा दाजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नळी उघडली.

गुंडाळी. निळा दोरा.

दाजींनी पिशवीत हात घातला... रीळ पिशवीतच होतं.

पाचव्या दिवशी दाजी हट्टाला पेटले. तीनलाच जाऊन टाकीसमोर लोखंडी स्टूल टाकून बसले. कपाटाची दारं सताड उघडी. नळीपासून हातभर अंतर. काकूंना त्यांनी स्वयंपाकघरातच थांबायला सांगितलं होतं.

साडेतीन. चिलर छान घुमत होता.

तीन चाळीस.

मग कुणीतरी नळीवर बोटाने वाजवलं...

टक. टक.

दाजींनी खाली वाकून पाहिलं. कुणी नाही.

घुमणारा आवाज बारीक होत गेला... आणि थांबला. लाल दिवा.

घाबरायचं सोडून दाजी चिडले. स्विच बंद केला, नळी उपटली, गुंडाळी ओढून काढली. "आता बास झालं," म्हणत ती खिडकीतून फेकून दिली. नळी लावली आणि चिलर चालू केला.

टक टक टक टक...

या वेळी थांबेचना.

चार वाजले होते. आपलं ठरलेलं काम म्हणून काकू कोळंबीचा तुकडा घेऊन आल्या. फरशीवर अनवाणी. बाही वर सारलेली.

दाजींचा तळहात स्टुलाच्या कडेवर टेकलेला आणि दुसऱ्या हाताचं बोट चुकून पाण्याला लागलं. पाण्याने बोटाला चावा घेतला.

हा चावा त्यांच्या ओळखीचा होता.

"काकू, हात घालू नका."

काकूंची बोटं पाण्यापासून वीतभर वर थांबली. दाजींनी पिशवीतून टेस्टर काढून पाण्यात धरला.

दिवा लागला. पाण्यात करंट होता.

बटण बंद करून त्यांनी चिलरचं मागचं झाकण उघडलं. अर्थिंगची वायर लोंबत होती. तिच्या टोकाला पिवळी टेप. दाजींचीच. सर्व्हिसिंगच्या दिवशी पंखा पुसायला त्यांनीच ती सोडली होती, टेप लावली होती, आणि तेवढ्यात कुणाचातरी फोन आला होता. झाकण लावताना वायर जोडायची राहून गेली. रोज येऊन नळी उघडत होते, झाकण एकदाही उघडलं नव्हतं. माझं काम दुसऱ्यांदा उघडावं लागत नाही!

चिलर बंद असेल तेव्हाच ते पाणी हात घालण्याजोगं होतं.

दाजींनी काकूंना सगळं कबूल केलं. हात जोडले. काकू रागावल्या नाहीत.

"रोज पावणेचारला बंद पडायचा," एवढंच म्हणाल्या. "मी चारला हात घालते."

दाजींनी वायर जोडली. चिलर आतून जुना झाला होता, करंट मारत होता, तो दोन दिवसांत बदलून दिला. मासा जगला. त्या घरी नळी पुन्हा तुंबली नाही. काकू मात्र पावणेचारला टाकीजवळ येऊन बसतात... ऐकायला.

गोष्ट इथेच संपली असती तर मी सांगायला बसलोही नसतो.

महिन्याभरापूर्वी दाजींनी आमच्या घरचा एसी साफ करून दिला. घरचाच माणूस, म्हणून बोलता बोलता केलं. चहा, गप्पा, मध्येच एक फोन.

परवा एसीतून पाणी गळायला लागलं. पाणी बाहेर नेणारा पाइप तुंबला असणार म्हणून मी तारेने ओढून पाहिलं.

कापसाची गुंडाळी निघाली.

निळा दोरा... दुहेरी गाठ.

दाजींना फोन केला. गाठ कशी आहे ते त्यांनी दोनदा विचारलं. मग म्हणाले, मेन स्विच बंद कर, मुलांना त्या खोलीत जाऊ देऊ नकोस, मी निघालो.

त्यांनी तीनदा सगळं उघडून पाहिलं. एकेक वायर, एकेक स्क्रू. सगळं जागच्या जागी आहे.

चूक अजून सापडलेली नाही.

एसी बंद आहे. आम्ही सगळे बाहेरच्या खोलीत झोपतो. गुंडाळी मी फेकलेली नाही, खिडकीत ठेवलीय. आज तिसरा दिवस...

ती अजून ओलीच आहे.