धुळ्याहून आणलेले ब्रेक पॅड

चाक उघडलं आणि हिलाल मिस्त्रीनं कपाळाला हात लावला.

"मॅडम, हे बघा. पॅडचा मसाला पत्र्यावरून पार सुटलाय. ब्रेक लागणार कुठून? नकली माल आहे हा!"

फौजदार सुलक्षणाचं डोकंच फिरलं. तिचे वडील, तोतारामआबा, आदल्या दिवशी नशिराबादजवळ गाडीसकट ट्रकवर आदळले होते. खुब्याचं हाड मोडलं होतं. परत चालतील की नाही, हे डॉक्टरही सांगत नव्हते.

"बसवताना बघितलं नाही?"

"बघितलं ना! कंपनीचा डबा, झाकणावरचं सील शाबूत. मी माझ्या हातानं फोडलं. रिकामा डबा तुमच्याच डिकीत टाकलाय."

डबा होता डिकीत. स्वच्छ, नवाकोरा, वर चकाकणारा होलोग्राम. तिनं तो उचलला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि तडक धुळ्याचा रस्ता धरला.

आबांना नाद एकच. कंपनीचा अस्सल पार्ट घ्यायचा, पण शोरूमच्या दारात पाय ठेवायचा नाही. "तीच वस्तू, तीच कंपनी, मग शोरूमवाल्याच्या एसीचं बिल मी का भरू?" असं म्हणायचे आणि धुळ्याला झुंबरलाल शेठच्या होलसेल दुकानातून माल आणायचे. पुढं पुढं जळगावातल्या मेहरूणची निम्मी कॉलनी त्यांना काय काय आणायला सांगू लागली. गंमत म्हणजे त्यांचा जावई, सुलक्षणाचा नवरा जितेंद्र, जळगावच्या एका शोरूममध्ये पार्टच्या काउंटरचा मुख्य! सासऱ्या-जावयाची जुगलबंदी जेवणाच्या ताटावर रंगायची आणि सगळे हसायचे.

अपघात झाला त्या संध्याकाळी दवाखान्यात मात्र कोणी हसलं नाही. ट्रकवाला म्हणत होता, म्हाताऱ्याला डुलकी लागली असणार. जितेंद्र डोकं धरून बाकावर बसला होता. "तरी आबांना सांगत होतो, ते धुळ्याचे पॅड घालू नका," एवढंच तो म्हणाला. सुलक्षणा त्याच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडली होती.

धुळ्यात तिनं जे केलं, ते पोलिसालाही शोभणारं नव्हतं आणि लेकीलाही. हद्द आपली नाही, प्रकरण आपल्याच बापाचं, तरी वर्दी चढवून ती भर दुकानात शिरली. गिऱ्हाइकांसमोर त्या पांढऱ्या केसांच्या माणसाला अरे-तुरे केलं.

"चोरा! माझा बाप मारायला निघाला होतास?"

"बेटा, तो डबा जरा दाखवा मला," शेठ हात जोडून म्हणाले.

"हात लावायचा नाही! पुरावा आहे तो!"

कोणीतरी मोबाइलवर ते सगळं टिपलं. रात्रीपर्यंत व्हिडिओ गावभर फिरला.

सकाळी फोन आला. शेठची सून रूपल बोलत होती.

"दीदी, सासरेबुवा कालपासून जेवले नाहीत. म्हणतात, नाव गेलं, आता दुकान विकून टाकू. तुम्ही एकदा तो डबा घेऊन या. हात जोडते."

निघण्याआधी सुलक्षणा दवाखान्यात आबांना भेटली. आबा हळूच म्हणाले, "शेठला बोलू नको हां पोरी. चूक माझी आहे. ब्रेकची किरकिर कधीपासून ऐकू येत होती. पण जावयाला कळलं असतं तर हसला असता ना, म्हणून गप बसलो." काल धुळ्यात काय झालं, हे त्यांना सांगायची तिची हिंमत झाली नाही.

गाडी जितेंद्र चालवत होता. "मी येतोच," तो म्हणाला होता. "एकटीला गुंडाळतील ते."

दुकानात गर्दी होती. त्यातली निम्मी माणसं पार्टसाठी आलीच नव्हती, तमाशा बघायला आली होती. शेठ गल्ल्यावर मान खाली घालून बसले होते. काउंटरवर रूपल एका शेतकऱ्याला फिल्टर देत होती. तिनं डबा उघडला, माल त्याच्या हातात दिला, त्यानं निरखून मान हलवली. मग तिनं ब्लेड घेतलं आणि डब्यावरच्या होलोग्रामवर सर्रकन चीर मारली.

सुलक्षणा काउंटरपाशी झेपावली.

"हे काय केलंत?"

"आमच्याकडची रीत आहे, दीदी. रिकामा डबा भंगारात गेला की नकलीवाले उचलतात, आत कचरा भरून सील चिकटवतात. म्हणून समोर उघडायचा, माल दाखवायचा आणि डबा निकामी करूनच द्यायचा."

"प्रत्येकाला?"

"सख्ख्या भावालासुद्धा. तुमच्या आबांनी तर ब्लेड मागून घेतलं. म्हणाले, चीर मी मारतो."

सुलक्षणानं पिशवीतून डबा काढला आणि दोन्ही हातांनी शेठसमोर धरला. होलोग्राम अखंड होता. ब्लेड त्याच्या जवळूनही गेलं नव्हतं.

"काल हेच बघायचं होतं, बेटा," शेठ हळू आवाजात म्हणाले.

"म्हणजे मिस्त्रीनंच बदलला," जितेंद्र मागून म्हणाला. "ही माणसं असलीच."

सुलक्षणानं आईला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. कमलबाईंचं माहेर दोंडाईचाचं. जळगावात जन्म गेला तरी अहिराणी बोली सुटली नव्हती.

"आई, आबांनी पॅडचा डबा आणला तेव्हा कसा होता?"

"वरथून कापेल व्हता ना. मी डबाले कुंकू लावं, देवपुढे ठेवं."

"मग?"

"मंग जावईबापूनी नेला. म्हने गाडी मीच मिस्त्रीकडे लई जास. काय झायं बाई?"

"काही नाही. मागून सांगते."

सुलक्षणा नवऱ्याकडे वळली.

"आबांनी अस्सल माल घेतला. डबा कापलेला होता आणि आईनं त्याला कुंकू लावलं. मिस्त्रीच्या हातात पोचला तो दुसराच. सीलबंद, ना चीर, ना कुंकू. तो मिस्त्रीनं बदलला असता, तर सील शाबूत होतं असं आपणहून सांगितलं असतं का? नकली माल आहे असं स्वतःच ओरडला असता का? घरापासून गॅरेजपर्यंत तो डबा एकाच माणसाच्या हातात होता."

"सुलू, घरी बोलू."

"कापलेला डबा बघून मिस्त्रीनं माल तपासला असता. म्हणून सीलबंद दिसायला हवा होता. कंपनीचे धडधाकट रिकामे डबे ढिगानं कुठं पडलेले असतात? शोरूमच्या काउंटरमागं. आणि अजून एक. हिलालनं चाक उघडलं काल. तुम्ही पॅडचं नाव दवाखान्यातच घेतलं. तेव्हा सगळे डुलकीचं बोलत होते. तुम्हाला कसं कळलं?"

जितेंद्रचा चेहरा उतरला. गर्दीकडे बघायचं धाडस त्याला होईना.

"नुसता आवाज येईल वाटलं होतं गं," तो पुटपुटला. "किरकिर होईल, आबा चिडतील, धुळ्याच्या नावानं शंख करतील, मग कॉलनी आपोआप शोरूमकडे वळेल. शोरूमचे मालक रोज सगळ्यांसमोर टोमणे मारायचे. 'सासरा आवरत नाही आणि काउंटर काय सांभाळणार?' मी वाट बघत होतो, आबा आज बोलतील, उद्या बोलतील. ते बोललेच नाहीत."

"तुम्ही हसाल म्हणून बोलले नाहीत."

हे ऐकलं आणि त्यानं गाडीची किल्ली काउंटरवर ठेवली. सुलक्षणाला वाटलं, धरणीनं आपल्याला पोटात घ्यावं. ज्या खांद्यावर रडलो तो हा खांदा. आणि ज्याला चोर म्हटलं तो हा देवमाणूस, कालपासून उपाशी बसलेला.

तिनं डोक्यावरची वर्दीची टोपी काढली. खाली वाकून शेठच्या पायांना हात लावला. "मी चुकले, शेठजी. तुमची अब्रू मी चव्हाट्यावर आणली."

शेठ गडबडीनं उठले. गर्दीला हात जोडून म्हणाले, "चला भाऊ, बाहेर व्हा सगळे. लेकीच्या घरचा मामला आहे." आणि स्वतः शटर ओढू लागले.

सुलक्षणानं शटर खालून धरलं.

"राहू द्या शेठजी. काल तुमच्या वेळी उघडंच होतं."

तिनं तसंच उभं राहून आपल्या ठाण्यात फोन लावला. मोबाइल पुन्हा वर झाले होते. तिनं तोंड फिरवलं नाही.

"नशिराबादच्या अपघाताची तक्रार लिहून घ्या. तपास दुसऱ्या कोणाकडे द्यायला साहेबांना सांगा. आरोपी जितेंद्र. माझ्यासोबतच आहे, घेऊन येते."

"आरोपीचा पत्ता, मॅडम?" पलीकडून अंमलदारानं विचारलं.

तिनं एकदा जितेंद्रकडे बघितलं.

"माझाच लिहा."