लुळ्या हाताच्या अक्षता

आमच्या अश्विनीचं जुळलं भोरच्या स्टँडावर, ते बी माझ्या लुळ्या हातामुळं! डाव्या अंगावरनं वारं गेल्यापासनं खांदा असा ठणकायचा, की माझी किंचाळी ऐकून भाटघरच्या धरणातल्या मगरीनं बिऱ्हाड हलवलं...

त्या दिवशी नात मला यष्टीत चढवत व्हती. आपल्यात म्हातारं माणूस उठवायचं म्हंजी हाताला धरून वडायचं. तिनं वडला, तो नेमका लुळाच.

“अहो — हात सोडा!” मागनं एक पोरगा वरडला.

अश्विनी फणकारली, “आज्जी माझी हाय. तुमी कोण?”

“सोमनाथ. दवाखान्यात व्यायाम शिकवतो. वारं गेलेला खांदा सैल पडतो ओ. वडला की जागचा हलतो.”

त्यानं एक तळवा माझ्या पाठीशी लावला, दुसरा कोपराखाली. म्या कापसावानी वर! त्याची आन् अश्विनीची नजर मात्र... तिथंच अडकली.

मग दर रविवारी तो माझा व्यायाम घ्यायला उत्रोलीला आमच्या घरी यायचा. बसले की हाताखाली उशी. झंपर घालताना आधी दुखरा हात. अश्विनी समदं शिकली.

“सगळ्यांवरच असं वरडता व्हय?” ती चहा देताना पुटपुटली.

“न्हाई. सगळ्यांसाठी चहाला थांबत बी न्हाई.”

म्या घोरायचं सोंग केलं. लई चांगलं जमतं मला.

हळूहळू ठणका गेला. लुळ्या बोटांनी म्या करंडा बी धरला. डोळं भरून आलं बघा... आन् सोमनाथ म्हनतो, “आजी, माझं काम झालं. सोमवारपासनं साताऱ्याला नोकरी हाय.”

मग तो नुसता चपला शोधत बसला, त्या पायातच व्हत्या!

तो निघाला, तशी ती त्याचा विसरलेला डबा घेऊन धावली. नुकतंच सारवलेलं अंगण — घसरली! त्यानं धरली. एक तळवा पाठीशी, दुसरा कोपराखाली.

“आरं, तिचा खांदा धडधाकट हाय,” म्या वरडले. “सोड की!”

“सोडायचं न्हाई, आजी... ती हो म्हनली तर.”

अश्विनी मान खाली घालून म्हनली, “साताऱ्याला यष्टी किती वाजता हाय?”

लग्नात अक्षता टाकाय म्या तोच हात उचलला, तर थरथराय लागला. नवरदेव अंतरपाट सोडून पळत आला, माझ्या कोपराखाली तळवा धरला. भटजी खवळलं.

“थांबा ओ,” म्या म्हनलं, “ह्याच हातानं जुळवलंय. पयल्या अक्षता ह्याच्याच!”

टाकल्या. देव भलं करो त्या पोराचं.

माझा ठणका गेल्यापासनं मगर बी भाटघरला परतलीय, ती बी जेवाय आलती. पटत नसंल तर भाटघरला जाऊन तिलाच विचारा.