खोचलेली मच्छरदाणी

आरोग्य केंद्रातून मिळालेली मच्छरदाणी आमच्या शिरगावात फारसं कोणी अंथरुणावर लावत नाही. सासूबाईंनी आमची अंगणात पसरून तिच्यावर जवळा, ती बारीक कोळंबी, वाळत घातला होता. "बारीक जाळी हाय. एक दाना खाली पडत नाय."

माझा नवरा हितेश वेरावळच्या मासेमारी बोटीवरून आला तो कुडकुडतच. रक्त तपासलं, मलेरिया निघाला. आरोग्य केंद्राची आशाताई, हेमांगी, दारातूनच म्हणाली, "वहिनी, डास आधी याला चावनार, मग बाळाला. याला जाळीत झोपवा."

मी प्राणिशास्त्र शिकलेली. ते मला ठाऊक होतंच. आमची त्रिशा अजून पालथीसुद्धा पडत नव्हती.

जवळा पाटीत ओतला, मच्छरदाणी धुतली, पुन्हा धुतली. वास काही जाईना.

"तुज्या डासांपाई माजा जवळा बेघर झाला," सासूबाई पुटपुटल्या.

मी कडा गादीखाली घट्ट खोचल्या. दुपार कलली की हितेशला थंडी भरायची आणि लोखंडी खाट भिंतीवर टकटक आपटायची. पाळण्यात त्रिशा दचकायची.

उलट्या थांबेनात, तेव्हा त्याला पालघरला दवाखान्यात ठेवलं. सासूबाई सोबत राहिल्या. घरी मच्छरदाणी मी तशीच खोचलेली ठेवली. आत एखादा डास राहिला असेल तर आतच मरू दे.

दुपार कलली. खाट भिंतीवर आपटू लागली.

पंख्यामुळे असेल, म्हणून पंखा बंद केला. टकटक चालूच. त्रिशाला पाळण्यातून उचललं आणि हितेशला फोन लावला.

"बरा हाय मी. आज थंडी आलीच नाय. आय चहावाल्याशी भांडते, पानी पाजतो म्हनून."

"नक्की नाही आली?"

"नाय गं. तुजा आवाज का कापतो?"

मी जाळीपाशी गेले. आत उशीवर डास दाटीने बसले होते. पोटं फुगलेली, लाल. कडा तशाच खोचलेल्या. जाळीला भोक नाही.

रिकाम्या खाटेवर कोणाचं रक्त?

उशीच्या मधोमध खळगा होता. हितेशच्या डोक्याचा नव्हे. माझ्या तळहातात मावेल एवढा, त्रिशाच्या डोक्याएवढा.

खाट थांबली.

त्रिशा खांद्यावर शांत होती. फार शांत. मी तिच्या टाळूला नाक लावलं.

जवळ्याचा वास आला.

तिचा दुधाचा वास जाळीच्या आतून येत होता.