कांडण

तलवारीची नोंद करायची म्हणजे आधी ती पांढऱ्या कापडावर आडवी ठेवायची, लांबी-रुंदी घ्यायची, मुठीजवळचा कारखान्याचा शिक्का वाचायचा आणि शेवटी भिंगाखाली धार बघायची. पातं बांबूवर आपटलंय की लोखंडावर, हे धारेवरच्या खाचांवरून कळतं. बाकीचं घरच्यांना विचारायचं.

आमच्या संग्रहालयासाठी मी क्लेवांगांची नोंद करत होते. क्लेवांग म्हणजे डचांच्या पूर्वेकडच्या फौजेची आखूड, रुंद पात्याची तलवार. ती चालवणारे पुष्कळसे आमचेच, मोलुकन बेटांवरचे. डचांच्या बाजूने ते आचे या दूरच्या मुलखातल्या जंगलात, तिथल्या लोकांविरुद्ध लढले. पुढे डचांचं राज्य गेलं आणि त्या शिपायांची मुलं बायकापोरांसकट बोटीने हॉलंडला आली. थोड्या महिन्यांसाठी म्हणून आली होती, इथेच म्हातारी झाली.

योसियास काका त्यांतलेच. नव्वदी उलटलेली. डेव्हेंटरच्या मोलुकन वस्तीत मुलीकडे राहायचे. मी गेले तेव्हा हेंड्रिकाताईने तळलेली केळी पुढे ठेवली आणि गादीच्या चादरीत गुंडाळलेली क्लेवांग टेबलावर आणून ठेवली. काकांच्या वडिलांची. तिच्या धारेवर जवळजवळ खाचाच नव्हत्या.

"फारशी वापरलेली दिसत नाही," मी म्हटलं.

"एकदा वापरली," काका म्हणाले. "लिही, पोरी. आचेतल्या एका गावात पुरुष सापडले नाहीत. एक बाई अंगणात भात कांडत होती. बापाची चाहूल लागली तशी ती थांबली. वळून बघितलं तिने. एवढंच त्याने मला सांगितलं, मरायच्या आदल्या वर्षी."

मी लिहून घेतलं. निघताना हेंड्रिकाताई दारापर्यंत आली आणि मागे दार ओढून घेतलं.

"ते लिहू नकोस," ती म्हणाली. "डचांनी आपल्याला वापरलं, मग इथे आणून लाकडी बराकींत टाकलं. आता खुनीही आपणच का? माझी नातवंडं वाचतील ते."

माझे पणजोबाही त्याच फौजेत, आचेतच होते. त्यांनी तिथे काय केलं हे आमच्या घरात कुणी कधी विचारलं नाही. ताईचं ऐकताना मला सुटल्यासारखं वाटलं, हे खरं. नोंदीत मी लिहिलं: वापराविषयी माहिती उपलब्ध नाही.

तलवार प्रदर्शनासाठी संग्रहालयात, तळघरातल्या माझ्या खोलीत आली आणि त्याच आठवड्यात शेजारी कुठेतरी काम सुरू झालं असं मला वाटलं. धप्प. मग थोडा अवकाश. पुन्हा धप्प. वाउटर आमचा भांडारपाल, त्याला विचारलं. त्याने मान तिरकी करून ऐकलं, काही नाही म्हणाला आणि कानांचं दुखणं असेल तर डॉक्टरला दाखव म्हणाला.

आवाज त्रासदायक नव्हता. उलट सवयीचा वाटू लागला. अधूनमधून तो थांबे, सुपात काही पाखडल्यासारखी सळसळ होई, आणि पुन्हा सुरू होई. एके दुपारी फोटोसाठी मी काकांची क्लेवांग उचलली. आवाज तुटला. खाली ठेवली, तर थोड्या वेळाने परत सुरू झाला. दुसरी तलवार उचलून बघितली. आवाज चालूच राहिला. पुन्हा काकांची उचलली.

शांत.

नुसती शांतता नव्हती ती. कुणीतरी कान देऊन ऐकावं, तशी होती.

मी डेव्हेंटरला गेले. काका खिडकीशी बसले होते. काय विचारावं सुचेना, म्हणून तलवार सुखरूप आहे एवढंच सांगितलं.

"हातात घेतलीस की थांबते?" त्यांनीच विचारलं.

मी हो म्हटलं.

"म्हणून बापाने ती पुन्हा धरली नाही. म्हणायचा, तलवार ठेवलेली आहे तोवर ती बाई कांडतेय. कांडू दे तिला." त्यांनी माझा हात हातात घेतला. "पण तू लिहिलंस ना सगळं?"

मी हो म्हटलं.

परतल्यावर ती ओळ खोडली आणि खरं ते लिहिलं. अंगण, भात, वळून बघणं, सगळं. हेंड्रिकाताई माझ्याशी पुन्हा बोलणार नाही हे ठाऊक असूनही लिहिलं. लिहून झाल्यावर कान दिला. वाटलं होतं, आता काहीतरी बदलेल.

धप्प. अवकाश. धप्प.

तिला माझ्या लिहिण्याशी काही देणंघेणं नव्हतं. तिला भात कांडायचा होता.

प्रदर्शनाची मांडणी आली. बाकीच्या तलवारी वाउटरने काचेत लावल्या. ही मीच लावेन म्हणाले. दुसऱ्या कुणी नकळत धरावी हे मला नको होतं. वाउटर जेवायला गेला. दुपारचं ऊन वरच्या झरोक्यातून टेबलावर आलं होतं. हातमोजे चढवले. कांडण चालू होतं, एका लयीत. ते संपेपर्यंत थांबावं असं मनात आलं. पण ते संपणारं नव्हतं.

मी मूठ धरली.

आवाज तुटला.

लगेच खाली ठेवायला हवी होती. बोटं उघडेनात.

मुसळ भिंतीला टेकवल्याचा आवाज झाला.

मग एका बाईने काहीतरी विचारलं. भाषा मला येत नव्हती, पण सूर कळला. दाराशी कुणी आलं की घरातून विचारतात, तो.

मी दुसऱ्या हाताने बोटं सोडवू लागले.

अनवाणी पावलं माझ्या दिशेने येऊ लागली. त्यांना घाई नव्हती. भीतीही नव्हती. येता येता ती हाताला लागलेला कोंडा झटकत होती, पाहुण्यासमोर जाताना झटकावा तसा.