खोली तीन, कडी ठीक

दिवा जरा अलीकडे घ्या. गोष्ट भर दुपारची आहे, म्हणून म्हणतो. रात्रीची भीती उजाडलं की उतरते. दुपारची कधी उतरायची?

सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांना भाड्याने द्यायच्या चार खोल्या होत्या. त्या झाडणाऱ्या बाईला सगळे ठीकताई म्हणत. अकराला जुने पाहुणे जात, दोनला नवे येत. मधल्या वेळात तिने खोल्या आवरायच्या आणि फोनवरचा तक्ता भरायचा. नळ, दिवा, पडदा, कडी. मोडलं असेल तर फोटो, नाहीतर ठीक. बाई भलती हुशार. सकाळी चहा पिता पिताच चारही खोल्यांना ठीक ठोकून मोकळी व्हायची. हसू नका. तुम्हीही न वाचता सह्या करता, मी पाहिलंय.

तीन नंबरच्या खोलीची महिनाभर एकच तक्रार येत होती. न्हाणीघरात आतून कोणीतरी दार ठोकतं. ताई खाली उत्तर लिहायची, ‘पाइप वाजतो. ठीक.’

शेवटी मालकाने तिला बोलावलं. आवाज चढवला नाही, एवढंच सांगितलं की आणखी एक तक्रार आली तर काम जाईल, आणि राहायला दिलेली जिन्याखालची खोलीही. त्या खोलीत तिची थोरली बहीण होती, कमरेखाली लुळी. अक्काला पाठीवर घेऊन कुणाच्या दारात उभं राहायचं, या विचाराने ताईचा डोळ्याला डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी ती खरंच बघायला वर गेली. तक्ता मात्र सकाळीच भरून झाला होता. सवय मेली जाते कुठे?

न्हाणीघरात ओल्या चुन्याचा वास होता. तिथलं दार आत उघडून कायम भिंतीला टेकलेलं असायचं, त्यामुळे त्याची आतली बाजू तिने इतक्या वर्षांत कधी पाहिलीच नव्हती. फोटो काढायला म्हणून तिने ते लोटलं. हिरवा रंग गुडघ्यापासून खालपर्यंत ओरबाडलेला होता. पाच-पाच रेघा. खोल.

दाराची कडी टक्कन पडली आणि रुतली.

तिने ओढून पाहिलं, फरशी पुसायच्या दांड्याने ठोकून पाहिलं, खांदा सोलवटून घेतला. कडी हलेना. मग तिने फोनवरच्या तक्त्यात लिहिलं, ‘खोली तीन. कडी अडकली. मी आत आहे.’ लगेच उत्तर आलं, ‘या खोलीची नोंद झाली आहे. कडी ठीक.’

तिने मालकाला फोन लावला.

“मालक, मी तीनमध्ये अडकलेय... दार फोडा, पण लवकर या.”

पलीकडे तो हसला. “ठीकताई, या वयात थट्टा सुचते होय? आत्ताच तर जुडग्यातून तीनची चावी काढून माझ्या हातात देऊन गेलात.”

तिने कमरेला हात लावला. चाव्यांचा जुडगा नव्हता.

दोन वाजले. बाहेर बॅगांची चाकं घरंगळली. ताई दोन्ही हातांनी दार बडवू लागली, ओरडून घसा बसला. एक बाई दबक्या आवाजात म्हणाली, “अहो... आत कोणीतरी आहे.” मग दार उघडल्याचा आवाज आला. पावलं आत आली, अगदी तिच्या कानाशी. नळ सुटल्याचा, पाणी पडल्याचा आवाज आला. तिच्या शेजारचा नळ कोरडा होता आणि दार बंदच होतं.

“कोणी नाही गं,” पुरुषाचा आवाज म्हणाला.

फोन उजळला. तीन नंबरची तक्रार आली होती, आतून कोणीतरी दार ठोकतं. ताई बघत असतानाच तिच्याच नावाने खाली उत्तर उमटलं. ‘पाइप वाजतो. ठीक.’

काम जाईल, खोली जाईल, हे सगळं तिच्या डोक्यातून पुसलं गेलं. चाव्यांच्या जुडग्यात अक्काच्या खोलीचीही चावी होती. तिने अक्काला फोन लावला. उशाशीच असतो, अक्काने लगेच उचलला.

“अक्का, मी बोलतेय. खोलीत कोणी आलं तर जोरात ओरड... माझ्यासारखी दिसली तरी ओरड.”

अक्काने फोन बहुधा गादीवर ठेवला असावा, कारण तिचा आवाज लांबून आला. सुखावलेला, झोपाळू.

“थांबलीस का गं? चेप ना पाय. आणि आधी हात धुऊन ये... नखांत बघ किती हिरवा रंग भरलाय तुझ्या.”